बोट कापलं तर आधी पाणी

कराडच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचा मुलगा फॅब्रिकेशनच्या दुकानात काम शिकतो. पत्रा कापताना त्याच्या डाव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाला, अगदी मुळाशी, चिरा गेला. दुकानातल्या जुन्या कारागिराने बोट फडक्याने पुसलं, वर फेविक्विकचे दोन थेंब सोडले, फुंकर मारली आणि पाच मिनिटांत मुलगा पुन्हा कामाला लागला. जखम इतकी सफाईने मिटली होती की संध्याकाळी त्याने अम्मीला दाखवलीसुद्धा नाही. चौथ्या दिवशी बोट सुजलं, रात्रभर ठणकू लागलं. डॉक्टरांनी वरची पापडी काढून जखम उघडली, तेव्हा आत पू आणि पत्र्याचा बारीक कीस निघाला. आता बोट बरं आहे, अल्हमदुलिल्लाह, पण अजून पुरतं वाकत नाही. व्यायाम चालू आहेत.

या भगिनींचे दोन प्रश्न आहेत. पहिला: डॉक्टरसुद्धा आता टाक्यांऐवजी ग्लू लावतात असं ऐकतो, मग आमच्या मुलाचं चुकलं कुठे? दुसरा: त्या चार दिवसांत त्याने वुजू केला, नमाज अदा केली. बोटावर फेविक्विकचा थर होता. त्याचं काय?

बकरी ईद जवळ आली आहे. घरोघरी सुऱ्यांना धार लावून घेतली जाईल. म्हणून या महिन्याचं सदर याच विषयावर.

डॉक्टर ग्लू लावतात हे खरं आहे. आणि तो ग्लू फेविक्विकचाच चुलत भाऊ आहे, हेही खरं आहे. या घराण्याचं नाव सायनोअॅक्रिलेट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1942 साली, अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आला तो पदार्थ जिथे लागेल तिथे चिकटून बसायचा. वैतागून त्यांनी तो बाजूला ठेवला. 1951 मध्ये त्याचं खरं मोल त्यांच्या लक्षात आलं आणि 1958 मध्ये तो गोंद म्हणून बाजारात आला. व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांचं रक्त थांबवायला त्याचा फवारा वापरला गेला. ‘फेविक्विक मुळात जखमेसाठीच काढलं’ अशी जी गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते, तिचं मूळ इथे असावं. पण ती गोष्ट अर्धीच आहे.

उरलेली अर्धी अशी. दुकानात मिळणारा गोंद एथिल किंवा मेथिल प्रकारचा असतो. कातडीच्या ओलाव्याने तो क्षणात घट्ट होतो, घट्ट होताना गरम होतो, आणि नंतर शरीरात त्याचे तुकडे लवकर पडतात. त्यातून फॉर्मलडिहाइड सुटतं आणि ते जिवंत मांसाला जाळतं. डॉक्टरांचा गोंद ब्युटिल किंवा ऑक्टिल प्रकारचा. तो सावकाश विरघळतो, लवचिक राहतो आणि निर्जंतुक कुपीत येतो. अमेरिकेत ऑक्टिल प्रकाराला 1998 मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडच्या रुग्णालयांतही असे ग्लू वापरले जातात. आणखी एक फरक आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. डॉक्टर आधी जखम धुतात, आत काही राहिलं आहे का ते बघतात, बोट वाकवायला लावतात, मग दोन्ही कडा चिमटीत जुळवून धरतात आणि ग्लू फक्त वरून, कातडीवर फिरवतात. जखमेच्या आत थेंबही जाऊ देत नाहीत. म्हणजे ग्लू ही शेवटची पायरी. आमच्या या मुलाच्या बाबतीत तीच पहिली झाली, आणि तीच एकमेव.

हे फक्त दुकानात घडतं असंही नाही. सातारा-कराडवरून जाणारा आपला महामार्ग पुढे बेळगाव, हुबळीवरून हावेरी जिल्ह्यात उतरतो. त्या जिल्ह्यातल्या हानगल तालुक्यात आडूरच्या सरकारी आरोग्य केंद्रात 14 जानेवारी 2025 रोजी सात वर्षांच्या एका मुलाला आणलं गेलं. खेळताना गालावर खोल जखम झाली होती. तिथल्या परिचारिकेने टाके न घालता फेविक्विक लावलं. आईवडिलांनी विचारलं तेव्हा, टाक्यांचा व्रण चेहऱ्यावर राहतो, मी हे बरीच वर्षं करते आहे, असं तिचं उत्तर होतं. आईवडिलांनी ते मोबाइलवर टिपलं. आधी तिची नुसती बदली झाली. लोक चिडले, आणि फेब्रुवारीत कर्नाटकच्या आरोग्य खात्याने तिला निलंबित केलं. हे औषध म्हणून मान्य नाही, असं खात्याने स्पष्ट सांगितलं. मूल सुखरूप राहिलं. त्या बाईंचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. लेकराच्या गालावर खूण राहू नये, एवढंच त्यांच्या मनात असेल. पण आरोग्य केंद्रात हे चालत असेल तर वर्कशॉपमधल्या कारागिराला एकट्याला दोष कसा द्यायचा?

आता मूळ मुद्दा. फेविक्विकने जखम बिघडते ती त्यातल्या रसायनामुळे कमी आणि झाकल्यामुळे जास्त. आत माती, लोखंडाचा कीस, शेणाचा अंश, मांसाचा तुकडा जे काही असेल ते कुलूपबंद होतं. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात, धुळीत बीजासारखे पडून असतात आणि हवा नसेल तिथेच ते जागे होतात. ‘गंजलेला खिळा लागला की धनुर्वात’ असं आपण म्हणतो, पण गंजाचा काही गुन्हा नाही. खिळा खोल जातो, माती आत नेतो आणि वरून भोक मिटतं, हे कारण. फेविक्विकने आपण हाताने तेच करतो.

म्हणून आधी पाणी. यावर मला उहुदच्या लढाईचा प्रसंग नेहमी आठवतो. सहीह बुखारीत तो आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चेहऱ्याला जखम झाली. हजरत अली (रजि.) ढालीतून पाणी ओतत होते आणि हजरत फातिमा (रजि.) रक्त धूत होत्या. पाण्याने रक्त थांबत नाही असं दिसल्यावर त्यांनी चटईचा तुकडा जाळून त्याची राख जखमेवर दाबली आणि रक्त थांबलं. आपल्याकडे काही घरांत या हदीसचा आधार घेऊन चुलीतली राख जखमेत भरतात. त्यांना माझी विनंती आहे की क्रम बघा. पाणी आधी होतं, आणि ते भरपूर होतं. राख नंतर आली, तीही रक्त थांबेना म्हणून, आणि नुकत्याच जळलेल्या चटईची. कालच्या चुलीतली, मांजर लोळून गेलेली राख ती नव्हे. त्या रणांगणावर जे उत्तम होतं ते त्यांनी वापरलं. आज आपल्या हाताशी स्वच्छ सुती कापड आहे, पट्टी आहे, दवाखाना आहे.

धुण्याची रीत सोपी आहे, पण लोक घाई करतात. आधी आपले हात साबणाने धुवायचे. मग नळाच्या वाहत्या पाण्याखाली जखम पाच मिनिटं धरायची. पाच म्हणजे घड्याळातली पाच. जे पाणी आपण पितो ते जखमेला चालतं. त्यासाठी सलाइनची बाटली लागत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. उसाच्या फडात नळ नसतो. तिथे पिण्याच्या घागरीतलं पाणी तांब्याने उंचावरून ओतावं. साबण जखमेच्या आजूबाजूला लावायचा, आत चोळायचा नाही. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड ताज्या जखमेत ओतू नये. ते जंतूंना मारतं तसं नव्या मांसालाही मारतं. झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं, हा आपला जुना गैरसमज आहे. बेटाडिनसारखं आयोडिनचं द्रावण आजूबाजूच्या कातडीला लावायला हरकत नाही. ज्या घरांत स्पिरिटमधल्या अल्कोहोलची शंका असते, त्यांना हेही सांगते की हे द्रावण पाण्यातलं असतं.

मग दाब. स्वच्छ रुमालाची घडी किंवा गॉज जखमेवर ठेवून सलग दहा मिनिटं दाबायचं, हात छातीच्या वर धरायचा. मध्येच उचलून ‘थांबलं का’ बघायचं नाही. तेवढ्यात जमू लागलेली गुठळी सुटते आणि हिशेब पुन्हा शून्यापासून. कापडातून रक्त वर आलं तर तेच कापड न काढता त्यावर दुसरी घडी ठेवावी. रक्त फारच जोरात वाहत असेल तर धुण्यात वेळ घालवू नये. दाबत दाबतच दवाखान्यात जावं. रोजच्या विळीच्या, सुरीच्या चिऱ्यांपैकी बहुतेक दहा मिनिटांत थांबतात, आणि तिथे ना हळद लागते ना गोंद.

हळदीचं नाव काढल्यावर सांगलीकर भगिनी माझ्यावर रागावतील, म्हणून तिच्याविषयी नीट लिहिते. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरची ती जमिनीखालची पेवं, ज्यांत वर्षानुवर्षं हळद टिकायची, ती पाहिलेली माणसं अजून आहेत. आणि जखमेवरच्या हळदीची तर जगात अब्रूची लढाई झाली आहे. 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळद’ या वापरावर पेटंट दिलं गेलं. जणू आपल्या नानी-दादी हे करतच नव्हत्या! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. या संस्थेने हरकत घेतली, 32 जुने पुरावे ठेवले. त्यात 1953 सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं.

त्या निकालाचा अर्थ असा की हळद लावणं ही नवी गोष्ट नाही. डब्यातली हळद जखमेत भरणं निर्धोक आहे, असं त्या निकालाने कुठे म्हटलेलं नाही. हळदीतल्या करक्युमिनचे सूज उतरवणारे गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत. पण हळकुंड मातीत वाढतं, शिजवून खळ्यावर वाळतं, गिरणीत दळलं जातं आणि स्वयंपाकघरात ओल्या चमच्याने ढवळलं जातं. मसाल्याच्या पुडीत जंतूंची बीजं असतातच. भाजीत उकळताना त्यांची फिकीर नसते, जखमेत मात्र असते. शिवाय पिवळा लगदा भरल्यावर जखम किती खोल आहे, कडा कशा आहेत हे डॉक्टरांना दिसत नाही. मग तो खरवडून काढावा लागतो आणि लेकरू किंचाळतं. धुतलेल्या, उथळ ओरखड्यावर चिमूटभर हळद लावलीत तर मी भांडायला येणार नाही. उघड्या, खोल जखमेत नको. तीच गोष्ट कॉफी पावडरीची. चुना, तंबाखू, रॉकेल, बॅटरीतली काळी पूड, शेण यांना तर कुठल्याच जखमेत जागा नाही.

दगडी पाला आठवतो? शाळेच्या मैदानाच्या कडेला, पिवळट बारीक फुलाचा. गुडघा फुटला की पानं चुरगाळून रस पिळायचा. जनावरांवरच्या प्रयोगांत त्याचा थोडा उपयोग दिसला आहे. गंमत म्हणजे हा आपला ‘गावठी’ पाला मूळचा अमेरिका खंडातला. पण पान येतं ते रस्त्याच्या कडेचं, कुत्र्यांच्या वाटेवरचं, आणि चुरगाळणारा हात मातीचा. त्याची आठवण चांगली आहे, तेवढं पुरे.

मधाचं वेगळं आहे. कुरआनात सूरह नहलमध्ये, जिचं नावच मधमाशी, मधात लोकांसाठी शिफा असल्याचं सांगितलं आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. मधात पाणी कमी, आम्लता जास्त. त्यामुळे जंतूंना त्यात वाढता येत नाही. वरवरच्या भाजण्यावर मधाची पट्टी चांगली लागू पडते, हे वैद्यकीय अभ्यासांतही दिसलं आहे. पण रुग्णालयात वापरतात तो मध किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. घरच्या बरणीतला चांगला मध धुतलेल्या उथळ जखमेवर थोडा लावून पट्टी बांधली तर चालेल. मात्र एका वर्षाच्या आतल्या बाळाच्या जखमेला तो लावू नका आणि बाळाला चाटवूही नका. कच्च्या मधात कधी कधी बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असतात, आणि ती तान्ह्या पोटात रुजतात.

‘उघडी ठेव, वारा लागू दे, खपली धरेल.’ हे वाक्य माझ्या दादीचंही होतं आणि तुमच्याही. 1962 मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या जखमांवर प्रयोग करून दाखवलं की झाकलेली, ओलसर राहिलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते. डुकराचं नाव ऐकून नाक मुरडू नका, त्याची कातडी माणसाच्या कातडीला जवळची म्हणून ते निवडलं. तेव्हा धुतल्यावर थोडं व्हॅसलीन, वर चिकटपट्टी, आणि ती ओली किंवा मळकी झाली की बदलायची. ही तयार पट्टी निघाली तीही एका घरातूनच. 1920 च्या सुमारास अर्ल डिक्सन नावाच्या अमेरिकन माणसाची बायको स्वयंपाक करताना सारखी बोटं कापून घ्यायची. कापड बांधलं की ते सुटायचं. मग नवऱ्याने चिकटपट्टीवर मधोमध गॉजचे तुकडे लावून ठेवले, तिला एका हाताने लावता येतील असे. त्यातून बँड-एड आलं. आमच्यातल्या किती नवऱ्यांनी असं काही केलं आहे, ते पत्राने कळवा!

कडा थोड्या उघडत असतील, पण चिरा सरळ आणि उथळ असेल, तर मेडिकलमध्ये कागदी चिकटपट्टी मिळते. कातडी कोरडी करून, कडा जुळवून, तिच्या अरुंद पट्ट्या आडव्या लावाव्यात, मध्ये फट ठेवून. फेविक्विक ज्या कामाला लोक वापरतात ते काम ही पट्टी करते. आत काही राहिलं असेल तर ते वाहून बाहेर यायला वाट राहते आणि पट्टी काढताही येते. हो, टाचांच्या भेगा फेविक्विकने भरणाऱ्यांनाही हे लागू आहे. शुगर असलेल्या माणसाने तर पायाच्या कुठल्याही चिऱ्याला घरगुती प्रयोग करू नये. तिथे वेदना कळत नाही आणि जखम आतून वाढते.

आता ‘लहान’ जखम कुठली नव्हे ते. कडा उघड्या पडून आत पिवळी चरबी दिसते. दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही. चिरा सांध्यावर, चेहऱ्यावर, डोळ्याजवळ आहे. काच किंवा पत्रा आत राहिल्याची शंका आहे. यांपैकी काहीही असलं तरी दवाखाना. शक्यतो सहा-आठ तासांच्या आत, लवकर तेवढं चांगलं. हाताच्या तळव्याकडच्या, बोटांच्या चिऱ्यांबद्दल मी विशेष सांगते, कारण कराडच्या त्या मुलाचं तेच झालं असू शकतं. बोट वाकवणाऱ्या दोऱ्या, ज्यांना डॉक्टर कंडरा म्हणतात आणि आपण शीर म्हणतो, त्या कातडीच्या अगदी खाली असतात. अर्ध्या सेंटिमीटरचा साधा दिसणारा चिरा ती दोरी अर्धी कापू शकतो. म्हणून रक्त थांबल्यावर प्रत्येक बोट वेगळं वाकवून आणि सरळ करून बघा, टोकाला स्पर्श कळतो का बघा. एक जरी बोट नीट चालत नसेल, किंवा एक बाजू बधिर वाटत असेल, तर त्याच दिवशी हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे. तुटलेली शीर पहिल्या काही दिवसांत जोडली तर चांगली जुळते. महिन्यानंतर तेच काम फार कठीण होतं. आणि हात म्हणजे आपल्याकडे रोजी. मिरजेत शिकलगार घराण्यांनी तलवारी सोडून सतार-तंबोरे घडवायला घेतले तेही हाताच्या भरवशावर, आणि तासगाव-पलूसकडच्या बागांत छाटणी करणाऱ्या बायांची मजुरीही त्याच दहा बोटांवर.

छाटणीवाल्यांसाठी एक जादा सूचना. कात्रीने बोट कापलं आणि त्याच हाताने काडीला डॉरमेक्ससारखं रसायन लावायचं असेल, तर आधी धुऊन, पट्टी बांधून, वर हातमोजा. गोंदाचा थर त्या रसायनाला अडवेल या भ्रमात राहू नका.

कुत्रा, मांजर, माकड चावलं असेल तर नियमच वेगळा. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, काहीही लावून बंद करायचं नाही, आणि त्याच दिवशी रेबीजची लस. चावल्याच्या जखमेवर फेविक्विक किंवा मिरचीपूड म्हणजे जिवाशी खेळ.

धनुर्वाताच्या सुईबद्दल दोन टोकं दिसतात. काही जण दर सहा महिन्यांनी टीटी घेतात, काहींनी शाळेनंतर कधीच घेतलेली नाही. सरकारी दवाखान्यात आता टीटीच्या जागी टीडी मिळते. तिच्यात धनुर्वातासोबत घटसर्पाचंही संरक्षण आहे. बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना, मग दीड-दोन वर्षांच्या दरम्यान, पाच-सहा वर्षांना, आणि पुढे दहा व सोळा वर्षांना. एवढे डोस पूर्ण झाले असतील तर पुढे स्वच्छ, लहान जखमेसाठी दहा वर्षांत एकदा पुरते. मातीची किंवा खोल जखम असेल आणि शेवटच्या सुईला पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर लगेच एक. बायकांना निदान बाळंतपणात सुया मिळालेल्या असतात. घरातल्या पुरुषांना शेवटची कधी दिली, हे आज रात्री जेवताना विचारा. बहुतेकांना आठवणार नाही. मग कुर्बानीच्या आधी घेऊन टाकलेली बरी, कारण त्या दिवशी सुरी आणि शेण एकाच अंगणात असतात.

आता वुजूचा प्रश्न. घट्ट झालेला गोंद पाणी कातडीपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून नुसता रंगकाम करताना किंवा चप्पल चिकटवताना बोटाला लागलेला थर काढूनच वुजू करावा. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून, किंवा नेलपॉलिश काढायच्या अॅसिटोनने तो निघतो. ओढून सोलू नये. अॅसिटोन जखमेवर, ओठांवर, डोळ्याजवळ अजिबात नको. पण थर जखमेवरच असेल आणि काढल्याने जखम उघडणार असेल, तर त्याची गणना पट्टीसारखी होते. तेवढ्या जागेवर ओला हात फिरवायचा, मसह करायचा, बाकीचे अवयव नेहमीसारखे धुवायचे. डॉक्टरांनी ‘पट्टी भिजवू नका’ म्हटलं असेल तेव्हाही हाच मार्ग. जखमेतून रक्त वाहिलं तर आपल्या घाटावरच्या हनफी घरांत वुजू तुटला असं मानतात. कोकणातल्या शाफई नातेवाइकांकडे तसं मानत नाहीत, त्यावर लग्नघरात वाद घालू नका. मुलाच्या त्या चार दिवसांबद्दल मोहल्ल्यातल्या आलिमांना सगळी हकीकत सांगून विचारून घ्या. अबू दाऊद यांच्या संग्रहात एक हदीस आहे. प्रवासात एकाच्या डोक्याला जखम झाली होती. त्याला गुस्लची गरज पडली. सोबत्यांनी त्याला सवलत नाही म्हणून सांगितलं, त्याने पाणी घेतलं आणि तो मरण पावला. प्रेषित (स.) यांना हे कळलं तेव्हा ते अतिशय नाराज झाले. माहीत नव्हतं तर विचारायला हवं होतं, असं त्यांनी म्हटलं. पट्टी काढून पाणी घालायचा आग्रह धरणाऱ्या वडीलधाऱ्यांना ही हदीस जरूर वाचून दाखवा.

कुर्बानीच्या दिवशी जखमा होतात त्या बहुतेक जिबह करताना नव्हे, नंतर. खाटीक भाई निघून गेलेले असतात, घरातली पोरं सत्तूर घेऊन हाडं फोडायला बसतात, मुठीला चरबी लागलेली, फरशी ओली, आणि शेजारी वाटे करायची घाई. बोथट सुरी जास्त कापते, कारण जोर लावावा लागतो आणि ती घसरते. शिकलगारांकडून धार आधीच लावून घ्या. मूठ दर थोड्या वेळाने राखेने किंवा साबणाने धुऊन कोरडी करा. मांस धरणाऱ्याने आणि कापणाऱ्याने समोरासमोर बसू नये. लहान मुलांना मांस पोहोचवायचं काम द्या, कापण्याजवळ नको. कापलंच तर काम दुसऱ्याच्या हाती देऊन उठायचं आणि नळाखाली जायचं, कारण त्या जखमेत जनावराचं रक्त आणि चरबी गेलेली असते.

घरात एक डबा वेगळा ठेवा. त्यात गॉजचे तुकडे, कागदी चिकटपट्टी, तयार पट्ट्या, आयोडिनची छोटी बाटली, व्हॅसलीन, स्वच्छ कात्री. फेविक्विकची ट्यूब या डब्यात ठेवू नका आणि डोळ्यांच्या थेंबांजवळ तर मुळीच नको. अंधारात थेंब समजून डोळ्यात टाकल्याचे प्रकार होतात. तसं झालं तर पापण्या ओढू नयेत, भरपूर पाण्याने धुवावं आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. सुती कपड्यावर फेविक्विक सांडलं तरी सावध राहा. सुतावर ते एकदम तापतं आणि खालची कातडी भाजते.

ईदच्या दिवशी मोहल्ल्यातला नेहमीचा दवाखाना बहुधा बंद असतो. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय इथे अपघात विभाग सुट्टीलाही चालू असतो. गावाकडच्या भगिनींनी आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा नंबर आदल्या दिवशीच भिंतीवर लिहून ठेवावा, आणि गाडी कोण काढणार तेही ठरवून ठेवावं.